नेतृत्व करणाऱ्याने मोठे स्वप्न पाहावे, की आवाक्यातले काम नीट करावे?

सावली

नमस्कार. प्रौढ साक्षरतेचे काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची मुख्य जबाबदारी काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. संस्था जुनी आहे, काम प्रामाणिक आहे आणि जवळजवळ सगळे कार्यकर्ते आपापली नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग चालवतात. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा ठरवण्यासाठी कार्यकारिणीची बैठक व्हायची आहे आणि तिच्यापुढे दोन मसुदे असतील. पहिला आमच्या खजिनदारांचा: शिकणाऱ्यांची संख्या दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढवायची, वर्ग अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण कमी करायचे आणि जमाखर्चाचा मेळ बिघडू द्यायचा नाही. दुसरा माझा, आणि तो एकाच वाक्याचा आहे: पाच वर्षांनंतर आपल्या कार्यक्षेत्रात वाचता-लिहिता येत नाही अशी एकही प्रौढ व्यक्ती राहू नये.

हे वाक्य काही सहकाऱ्यांना वाचून दाखवले तेव्हा तरुण कार्यकर्ते भरभरून बोलू लागले आणि जुने गप्प झाले. जुन्यांचे गप्प होणे मला अधिक विचार करायला लावणारे वाटते, कारण वर्ग प्रत्यक्षात तेच चालवतात. खजिनदारांचे म्हणणे असे आहे की, जे गाठता येणार नाही ते जाहीर केले तर दुसऱ्या वर्षापासूनच माणसांना हरल्यासारखे वाटू लागते, आणि पाच वर्षांनी देणगीदार आपल्याच वाक्यावरून आपला हिशोब मागतात.

नेतृत्वाविषयीची भाषणे ऐकली की 'मोठी स्वप्ने पाहा' हा उपदेश हमखास मिळतो. मात्र तो बहुधा ज्यांची स्वप्ने खरी झाली त्यांच्याच तोंडून मिळतो. तितकीच मोठी स्वप्ने पाहून जे बुडाले त्यांना व्यासपीठावर कोणी बोलावत नाही. म्हणून विचारते. उत्साहाखेरीज मोठ्या स्वप्नाचा कामाला काही उपयोग होतो का? होत असल्यास नेमका कशा रीतीने? आणि एखादे स्वप्न झेपणारे आहे की नाही, हे आधी कळण्याचा काही मार्ग असतो का? प्रेरणादायी वचने नकोत. कारणे आणि दाखले मिळाले तर फार बरे होईल.

अनवट

सावलीताई, उत्साह हा मोठ्या स्वप्नाचा सर्वांत लवकर विटणारा भाग असतो, त्यामुळे तो तुम्ही आधीच बाजूला ठेवलात हे चांगले केले. माझ्या मते मोठ्या स्वप्नाचा खरा उपयोग असा की, त्याच्यापुढे रोजची पद्धत अपुरी पडते आणि ती बदलणे भाग पडते. दहा टक्के वाढ हवी असेल तर तेच काम थोडा अधिक वेळ आणि थोडी अधिक माणसे लावून करता येते. पद्धतीविषयी शंका घेण्याची वेळच कोणावर येत नाही.

देवी रोगाच्या निर्मूलनाचा दाखला पाहा. या रोगाचे जगातून उच्चाटन करावे, असा प्रस्ताव सोव्हिएत संघाचे व्हिक्टर झ्दानोव यांनी १९५८ मध्ये मांडला आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तो स्वीकारला. सुरुवातीची पद्धत सरळ होती: जास्तीत जास्त लोकांना लस टोचायची आणि ८० टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचायचे. रोग 'कमी करणे' एवढेच ध्येय असते, तर ८० टक्के हा आकडा मिरवण्याजोगा होता. पण दाट वस्तीच्या प्रदेशांत इतके लसीकरण होऊनही साथ थांबत नव्हती, आणि १९६७ मध्ये निर्मूलनाची मोहीम नव्याने, जोमाने सुरू झाली तेव्हाही जगात वर्षाला एक ते दीड कोटी लोकांना हा रोग होत असल्याचा अंदाज होता. ध्येय 'शून्य' असल्यामुळे प्रश्नच बदलला. किती जणांना टोचले, यापेक्षा रोग या घडीला कोणत्या गावात आहे, हे कळणे महत्त्वाचे ठरले.

त्याचे उत्तर एका अडचणीतून मिळाले, हे मला विशेष वाटते. १९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियात विल्यम फेगी या डॉक्टरांकडे सरसकट टोचण्याइतकी लस नव्हती. त्यांनी त्या भागातल्या मिशनऱ्यांच्या रेडिओ-संचांवरून कोणकोणत्या गावांत रुग्ण आहेत ते शोधून काढले आणि त्या रुग्णांभोवतीच्या लोकांनाच लस दिली. साथ थांबली. पुढे रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवती लसीचे कडे उभारायचे, ही मोहिमेची मुख्य पद्धत झाली. भारतात कार्यकर्ते घरोघर विचारपूस करत फिरले आणि रुग्णाची खबर देणाऱ्याला रोख बक्षीस जाहीर झाले. त्याआधी दोष आपल्यावर येईल या भीतीने रुग्ण दडवले जात असत. खबरीलाच मोल आल्यावर ती वर पोहोचू लागली. भारतातली शेवटची नोंद मे १९७५ मधली आहे आणि नैसर्गिक रीतीने झालेला जगातला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात आढळला.

आता तुमचे दोन मसुदे शेजारी ठेवून पाहा. खजिनदारांच्या मसुद्यात तुमचे काम शिकवण्याचे आहे. जो वर्गात येईल त्याला शिकवायचे. तुमच्या मसुद्यात ते मुख्यतः शोधण्याचे आहे, कारण ज्या प्रौढ माणसाला वाचता येत नाही तो ते उघडपणे सांगत नाही. चष्मा घरी राहिला म्हणतो, कागद मुलाच्या हाती देतो, वर्गाच्या वाटेला जातच नाही. दहा टक्क्यांची वाढ अशा माणसाला वगळूनही साधता येते. तुमच्या वाक्यात त्याला वगळण्याची सोय नाही. मला वाक्य आवडले ते या एका गुणासाठी.

काटेकोर

अनवट यांनी दाखला सुंदर निवडला आहे. माझी तक्रार निवडण्याबद्दलच आहे. याच जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ मध्ये, म्हणजे देवीच्याही आधी, हिवतापाच्या जागतिक निर्मूलनाचे स्वप्न जाहीर केले होते. माणसे हुशार होती, पैसा अधिक होता, डीडीटी या कीटकनाशकासारखे नवे साधन हाती होते. अनेक देशांतून हिवताप खरोखर गेला, पण जगभरातून तो घालवण्याचे ध्येय १९६९ मध्ये सोडून द्यावे लागले. स्वप्नाचा आकार सारखाच होता; विषयाचा स्वभाव वेगळा होता. देवीचा विषाणू माणसाबाहेर कोणत्याही प्राण्यात राहत नसे, रुग्ण चेहऱ्यावरून ओळखू येई, एका टोचणीने वर्षानुवर्षे संरक्षण मिळे आणि गोठवून वाळवलेली लस उन्हातही टिके. हिवतापात डास हा तिसरा पक्ष असतो; डासांनी डीडीटीला दाद देणे सोडले, रोगाचे परजीवी क्लोरोक्विन या औषधाला पुरून उरू लागले आणि एकदा बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडू शकत होता.

साक्षरता या दोहोंपैकी कोणासारखी आहे? मला ती हिवतापासारखी वाटते. वाचायला शिकलेल्या माणसाला रोज वाचण्याजोगे काही मिळाले नाही तर आलेले अक्षर पुसले जाते. लोक स्थलांतर करतात, नवे येतात. तुमचे शून्य एका संध्याकाळी गाठता येईल आणि वर्षभरात ते शून्य राहणार नाही. केरळचे उदाहरण घ्या. १९९० च्या फेब्रुवारीत एर्नाकुलम हा देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९१ च्या एप्रिलमध्ये अख्ख्या राज्याविषयी तशीच घोषणा झाली, आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत तिथला साक्षरतेचा दर सुमारे ९० टक्के होता. काम मोठेच होते, त्याला मी नावे ठेवत नाही; वयोगट आणि व्याख्या वेगळ्या होत्या, हेही मला मान्य आहे. पण त्या उरलेल्या दहा टक्क्यांत वृद्ध आणि आदिवासी अधिक होते, आणि 'पूर्ण' हा शब्द एकदा उच्चारल्यावर त्यांच्यासाठी वर्ग मागायला जाणाऱ्याचे काम सोपे राहत नाही.

दुसरा मुद्दा किमतीचा आहे. स्वप्न नेता पाहतो. त्याची किंमत बहुधा त्याच्यापासून दूर असलेली माणसे देतात. ध्रुवप्रदेशाचे संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांचे नाव नेतृत्वाच्या प्रत्येक शिबिरात घेतले जाते. अंटार्क्टिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पायी ओलांडायचा हे त्यांचे १९१४ चे स्वप्न होते. जहाज बर्फात सापडून चिरडले गेले, तरी त्यांनी आपल्याबरोबरच्या सगळ्या माणसांना जिवंत परत आणले, अशी ती कथा असते. ती खरी आहे, मात्र अर्धी. खंडाच्या पलीकडच्या बाजूला त्यांचीच दुसरी तुकडी होती. शॅकल्टन येतील तेव्हा त्यांना अन्न मिळावे म्हणून वाटेवर साठे करून ठेवणे हे तिचे काम होते. त्या तुकडीचेही जहाज वादळात नांगर तुटून वाहून गेले, किनाऱ्यावर दहा माणसे अपुऱ्या सामानानिशी अडकली, आणि तरीही त्यांनी शेवटच्या ठिकाणापर्यंत साठे नेऊन ठेवले. त्या कामाच्या ओघात तिघे मेले. ते साठे वापरायला कोणीही येणार नव्हते. ओलांडण्याचा बेत केव्हाच मोडला होता आणि ते कळवण्याचे साधन कोणाकडे नव्हते.

ताई, तुमच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी असा लावतो की, साठे वाहून नेणारे आपणच असू, हे त्यांनी लगेच ओळखले.

रानवाट

वरची चर्चा नेत्याच्या खुर्चीतून चालली आहे, म्हणून थोडे खालून लिहितो. एका साक्षरता मोहिमेत मी शिक्षक होतो. संस्थेचे नाव घेत नाही. स्वप्न फार मोठे होते आणि आमच्यापर्यंत ते दरमहा भरायच्या तक्त्याच्या रूपात आले. तक्त्यात 'साक्षर झालेल्यांची संख्या' असा रकाना होता. 'आले नाहीत' किंवा 'पुन्हा विसरले' असे रकाने नव्हते. परिणामी सही करता येणारा माणूस साक्षर ठरू लागला. कोणी खोटे बोला असे सांगितले नव्हते. खरे लिहायला जागा नव्हती, इतकेच.

हे आमच्यासारख्या मोहिमांपुरतेच घडते असे नाही. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने प्रत्येक ग्राहकाला आपली आठ उत्पादने विकण्याचे ध्येय ठेवले होते. ते पुरे करण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आले, बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि तोवर सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकलेले होते. आठ हा आकडा ठरवणारे मात्र त्या यादीत नव्हते.

तेव्हा मोठे स्वप्न जरूर मांडा, फक्त तक्ता तयार करताना मला बोलवा.

सावली

तिघांचेही मनापासून आभार. काटेकोर यांनी गप्प बसण्याचा लावलेला अर्थ मला पटला, आणि रानवाट यांचा रकान्यांचा मुद्दा मी बैठकीच्या टिपणात जसाच्या तसा घेणार आहे. तरीही माझी अडचण पूर्ण सुटलेली नाही. देवी आणि हिवताप यांच्या स्वभावातला फरक आज आपल्याला स्पष्ट दिसतो, कारण पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. १९५५ मध्ये बसलेल्या माणसाने तो कसा ओळखायचा? आणि मध्येच लक्षात आले की वाट चुकली आहे, तर नेत्याने स्वप्नाला धरून राहावे की ते बदलावे? चिकाटी आणि हट्ट यांतला फरक काम चालू असताना मला तरी दिसेल की नाही, याची खात्री वाटत नाही.

मंथन

उशिरा आलो, पण या दोन प्रश्नांवर थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते.

चंद्रावर माणूस उतरवण्याच्या घोषणेची कथा आपण नेहमी भाषणापासून सुरू करतो: २५ मे १९६१, अमेरिकेची संसद, अध्यक्ष केनेडी, दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणायचा. त्या दिवसापर्यंत अमेरिकेचा एकच माणूस अवकाशात जाऊन आला होता आणि तोही जेमतेम पंधरा मिनिटांसाठी. त्यामुळे हे केवळ धाडसाचे प्रतीक वाटते. पण भाषणाच्या महिनाभर आधी, २० एप्रिलला, केनेडींनी उपाध्यक्ष जॉन्सन यांना एक छोटे टिपण पाठवले होते आणि त्यात जवळजवळ सगळे प्रश्नच होते. अवकाशात प्रयोगशाळा, चंद्राला फेरी, चंद्रावर उतरणे, यांपैकी कशात आपण सोव्हिएत संघाच्या पुढे जाऊ शकतो? खर्च किती येईल? आत्ताच्या कामावर चोवीस तास मेहनत चालू आहे का, नसल्यास का नाही? मोठे स्वप्न जाहीर करण्यापूर्वी नेत्याने काय करावे, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

त्या प्रश्नांना रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांनी दिलेले उत्तर तर आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. जवळच्या उद्दिष्टांत सोव्हिएत संघाची आघाडी भारी पडेल, असा त्यांचा सूर होता. चंद्रावर माणूस उतरवण्यासाठी मात्र त्यांच्याही रॉकेटची क्षमता दहा पटींनी वाढावी लागेल आणि तसे रॉकेट त्यांच्याकडे असण्याची शक्यता कमी आहे. म्हणून तिथे आपल्याला चांगली संधी आहे, असे त्यांनी लिहिले. म्हणजे सर्वांत मोठे ध्येय निवडले गेले ते हिशोब करून. छोट्या ध्येयात जुनी पिछाडी मोजली जात होती, मोठ्यात दोघांनाही जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करायची होती. शिवाय त्यासाठी लागणाऱ्या प्रचंड इंजिनावर आधीच काही वर्षे काम चालू होते. मोठे स्वप्न आणि बेफिकिरी यांची सांगड आपण उगाच घालतो. काही वेळा मोठेच अधिक शहाणपणाचे असते.

१९५५ च्या माणसाने काय करायला हवे होते, याचे उत्तर मला यातच दिसते. सगळे भविष्य कळणे शक्य नव्हते. पण काही कीटकांवर डीडीटी चालेनासे होत आहे, हे तेव्हा ठाऊक होते. घाई करण्याचे एक कारणच ते होते. प्रश्न विचारायचा तो असा: आपली सगळी भिस्त ज्या एका गोष्टीवर आहे, ती हातची गेली तर दुसरी कोणती उरते? हिवतापाच्या मोहिमेला त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. तुमच्या बाबतीत भिस्त संध्याकाळच्या स्वयंसेवकांवर आहे. त्यांच्यातले अर्धे दुसऱ्या वर्षी गळाले तर काय करायचे, याचे उत्तर बैठकीपूर्वी तयार ठेवा, मग वाक्य किती मोठे आहे याची फारशी चिंता उरणार नाही.

आता हट्ट आणि चिकाटी. फर्दिनां द लेसेप्स यांनी सुएझ कालवा खोदून १८६९ मध्ये पुरा केला तेव्हा जगाने त्यांना डोक्यावर घेतले. पुढे त्यांनी पनामाचे स्वप्न पाहिले आणि तिथेही सुएझसारखाच, समुद्रसपाटीवरचा, जलपाशांविना (म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज पायरीपायरीने वर-खाली नेणाऱ्या दारबंद टाक्यांविना) कालवा हवा असा आग्रह धरला. १८७९ च्या पॅरिसमधल्या परिषदेत गोदँ द लेपिने या अभियंत्याने चाग्रेस नदीवर धरण बांधून उंचावर तलाव करावा आणि जहाजे जलपाशांतून चढवावीत-उतरवावीत, अशी योजना मांडली होती. ती बाजूला सारली गेली. १८८१ ते १८८९ या काळात डोंगराची माती ढासळत राहिली, पीतज्वर आणि हिवतापाने हजारो मजूर दगावले. जलपाश स्वीकारायला लेसेप्स तयार झाले तेव्हा १८८७ साल उजाडले होते, आणि १८८९ मध्ये कंपनी बुडाली. १९१४ मध्ये जो कालवा खुला झाला त्यात चाग्रेसवर धरण आहे, उंचावर तलाव आहे आणि जलपाशही आहेत.

लेसेप्स यांचे स्वप्न अवास्तव नव्हते; कालवा झालाच. त्यांनी मुक्कामाबरोबर वाटही कायमची ठरवून टाकली होती. केनेडींनी मुक्काम आणि मुदत सांगितली, वाट सांगितली नाही. चंद्रावर नेमके कसे उतरायचे यावर नंतर वर्षभर वाद चालला आणि जॉन हूबोल्ट या अभियंत्याने वरिष्ठांची उतरंड ओलांडून थेट वर पत्रे लिहून ज्या पद्धतीचा पाठपुरावा केला, तीच १९६२ च्या जुलैमध्ये निवडली गेली. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: वाटेविषयी विरुद्ध मत मांडणाऱ्याला तुमच्या संस्थेत काय वागणूक मिळते ते पाहा. त्याचे बोलणे ऐकून एखादी तरी गोष्ट बदलली असेल, तर तुमची चिकाटी आहे. जो बोलला त्याची निष्ठाच मोजली जात असेल, तर तो हट्ट आहे, आणि हे नेत्याआधी बाकीच्यांना दिसते.

मानसशास्त्रातल्या एका गोष्टीची भर घालतो. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या दीर्घ संशोधनातून असे दिसले आहे की, 'शक्य तितके करा' असे सांगण्यापेक्षा निश्चित आणि अवघड ध्येय दिले तर काम अधिक चांगले होते. मात्र माणसांनी ते आपले मानलेले असले पाहिजे, त्यांच्याकडे कुवत असली पाहिजे आणि आपण कुठवर आलो हे त्यांना कळत राहिले पाहिजे. काम गुंतागुंतीचे असून रीत अजून सापडलेली नसेल, तर आधी रीत शिकण्याचे ध्येय ठेवणे फायद्याचे ठरते. तुमचे पहिले वर्ष मला या शेवटच्या प्रकारचे वाटते. गॅब्रिएल ओटिंगन यांचे काम दुसऱ्या टोकाकडून तेच सांगते: यशाच्या नुसत्या गोड चित्रात रमल्याने प्रयत्न मंदावतात, चित्राशेजारी आजचा अडथळा ठेवून पाहिले तर ते वाढतात. तुमच्या तरुण कार्यकर्त्यांना अडथळा दाखवा आणि जुन्यांना चित्र. आज बहुधा उलटे वाटप झालेले आहे.

काटेकोर

मंथन यांच्या लेखनानंतर माझा विरोध बराच निवळला आहे, मुदतीचा मात्र शिल्लक आहे. 'एकही राहू नये' हे मला चालेल; 'पाच वर्षांत' हे शब्द काढून टाकावेत. देणगीदार त्या शब्दांवरच बोट ठेवतील.

अनवट

मुदत काढली तर ते वाक्य प्रार्थनेसारखे होईल. सगळे मान डोलावतील आणि सोमवारी काय करायचे ते कोणालाच कळणार नाही. मुदत चुकणे आणि काम फसणे यांत फरक करायला देणगीदारांना शिकवावे लागेल, आणि हेही नेतृत्वाचेच काम आहे. देवीच्या मोहिमेला १९६७ पासून दहा वर्षांची मुदत होती. शेवटचा रुग्ण तिच्यानंतर सुमारे दहा महिन्यांनी सापडला. आज त्या दहा महिन्यांबद्दल कोणी बोलत नाही. पोलिओचे उदाहरण अधिक अवघड आहे. १९८८ मध्ये २००० सालापर्यंत निर्मूलनाचा संकल्प झाला आणि तो अजून पुरा झालेला नाही. पण त्या वेळी वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले लुळी होत होती, आणि नैसर्गिक विषाणूमुळे होणारे ते प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटले. विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दोन नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. खजिनदारांच्या वहीत हे अपयश म्हणून लिहावे लागेल. ते तसे लिहायला माझी हरकत नाही. वहीत जमेची बाजूही असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

काटेकोर यांची भीती मात्र खरी आहे, म्हणून एक तोडगा सुचवतो. पाच वर्षांची मुदत ठेवा आणि सोबत हेही लिहून ठेवा की दुसऱ्या वर्षाअखेर अमुक एक गोष्ट दिसली नाही, तर आराखडा पुन्हा उघडायचा. ती गोष्ट कोणती, हे खजिनदारांना ठरवू द्या.

सावली

हा तोडगा मी उचलते. मुदत राहील, आणि फेरविचाराची अट खजिनदार लिहितील. मंथन यांनी सुचवल्याप्रमाणे पहिले वर्ष वाचता न येणारे कोण आणि कुठे आहेत हे शोधण्यासाठी ठेवायचा विचार आहे. त्या वर्षी शिकणाऱ्यांची संख्या वाढली नाही तरी चालेल, हे आधीच जाहीर करायचे. बैठकीपूर्वी जुन्या कार्यकर्त्यांना स्वतंत्रपणे भेटून, हे ओझे त्यांच्यापैकी कोणावर किती पडेल याचा अंदाज त्यांच्याकडूनच घेणार आहे. रानवाट, तक्त्यासाठी तुम्हाला बोलावणे आहेच. पाहणीचा तक्ता कसा असावा, हे इथेच थोडक्यात सांगाल का?

रानवाट

सांगतो. 'वाचता येते का' असे विचारू नका. बहुतेक जण हो म्हणतील आणि घरातला कर्ता माणूस सगळ्यांच्या वतीने हो म्हणेल. चार सोप्या ओळींचा छापील मजकूर सोबत ठेवा, तो प्रत्येकाला शक्यतो एकट्याने वाचायला द्या आणि अर्थ विचारा. 'वाचले', 'अडखळत वाचले', 'वाचले नाही' आणि 'भेट झाली नाही' असे चार रकाने करा. चौथा रकाना रिकामा असलेला तक्ता परत पाठवा, कारण सगळी माणसे पहिल्या फेरीत घरी भेटली असे होत नाही. जे आज वाचू शकले त्यांच्यापैकी काहींकडे वर्षभराने पुन्हा जा, म्हणजे काटेकोर म्हणतात ते पुसले जाणे किती आहे ते कळेल. आणि सर्वांत कमी संख्या आणणाऱ्या कार्यकर्त्याला पहिल्या आढावा बैठकीत सर्वांत आधी बोलू द्या. त्याला कोणती दारे उघडली नाहीत, याची माहिती तुमच्याकडे दुसऱ्या कोणाकडून येणार नाही.